दहावीच्या वर्षात दोरीचा मल्लखांब: मुलीच्या क्लासचा रिव्ह्यू

आमच्या डोंबिवलीत एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी मल्लखांबाचा क्लास चालतो, माझी मुलगी नववीपासून तिथे जातेय, आता दहावी आहे तरी बंद केलेला नाही आणि त्यावरून घरच्यांनी बरंच ऐकवलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी क्लासबद्दल. सुरुवातीला सूर्यनमस्कार, बैठका, स्ट्रेचिंग, मग दोरी. मुलींना दोरीचा, मुलांना सागवानी खांब आणि एरंडेल तेल. दोरीला गाठी नसतात, पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात दोरी पकडून वर चढायचं. पहिले काही आठवडे पायाला आणि मांडीला दोरीचे वळ उठतात, मुली रडकुंडीला येतात, पण ताई कोणालाही घाईने वर चढवत नाहीत. खाली जाड गादी असते आणि अढी (पायांनी दोरीला घातलेली पकड) पक्की बसल्याशिवाय पुढचं आसन शिकवत नाहीत. हे मला फार आवडलं.

आता मुद्द्याचं. हिला परीक्षेआधी छातीत धडधडायचं, हात गार पडायचे, रात्री एक-दीडपर्यंत झोप नाही. क्लास लावल्यावर सगळ्यात आधी झोप सुधारली, अंग दमलेलं असतं ना, आणि त्या वेळात फोन बॅगेत असतो. धडधडीचं तर तीच एकदा म्हणाली, "आई, दोरीवर उलटं लटकताना पण असंच होतं गं, मग थांबतं." व्यायामात धाप लागणं, घाम येणं हे शरीराला सवयीचं झालं की तीच लक्षणं टेन्शनमध्ये आली तरी आता काहीतरी भयंकर होणार असं वाटणं कमी होतं. हे मी तिच्यात बघितलंय, सबमिशनच्या दिवसांत सुद्धा.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, त्यात आठवड्यातून निदान ३ दिवस स्नायू आणि हाडं मजबूत करणारा व्यायाम. दोरीवर स्वतःचं वजन पेलायचं असतं, त्यामुळे ते आपोआप होतं. पण शाळा, दोन ट्यूशन, रिक्षा, परत अभ्यास या वेळापत्रकात पोरांनी ६० मिनिटं आणायची कुठून? दहावी आली की पहिलं खेळणंच बंद करतात, आणि ते चूक आहे असं मी ठामपणे म्हणेन.

न आवडलेलं पण सांगते. स्पर्धेच्या सीझनला बॅचचं सगळं लक्ष टीममधल्या मुलींकडे जातं, बाकीच्या बसून राहतात. काही पालक फक्त क्रीडा गुणांसाठी मुलांना घालतात आणि बाहेर उभं राहून "तिला जमलं, तुला का नाही" सुरू करतात. तसं झालं तर व्यायामाचा मनाला होणारा फायदा तिथेच संपला हो! आमच्या ताईंनी पालकांना हॉलमध्ये बसायला बंदी केली तेव्हापासून बरं आहे. चेंजिंग रूम मात्र नावालाच, वयात आलेल्या मुलींसाठी ती नीट हवीच, मी दोनदा सांगून झालंय.

आणि एक, मूल जेवत नसेल, कोणाशी बोलत नसेल, जगण्याबद्दल निराश बोलत असेल तर क्लासच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरकडे न्या. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

फी आमच्या भागातल्या जिमपेक्षा बरीच कमी. नवीन येणाऱ्यांनी नखं कापून, अंगठ्या-पैंजण काढून यायचं, आणि पहिला महिना वळांना घाबरून सोडू नका. माझ्याकडून पाचपैकी चार, एक स्टार त्या चेंजिंग रूमसाठी कापला.