बोडनसेच्या काठाने: रोल-टॉप पॅनिअरचा सहा महिन्यांचा अनुभव

पॅनिअर म्हणजे सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंना हुकांनी अडकवायच्या पिशव्या; रोल-टॉप म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायच्या. ही दोन्ही मिळून 40 लिटरची, मागे लावायची वॉटरप्रूफ जोडी. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत ती बोडनसे तळ्याकाठच्या सायकलमार्गावरच जास्त वापरली. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड मिळून पूर्ण फेरा साधारण 260 किलोमीटरचा. दिवसाला 40-50 किलोमीटर, मध्येच पोहणं, मध्येच कॉफी, अशा निवांत चालीला एवढी जागा भरपूर. तंबू असेल तर तो कॅरिअरवर आडवा बांधायचा.

सगळा खेळ हुकांचा आहे. कॅरिअरचा पाइप 8 ते 16 मिलिमीटर जाड असतो. पाइप बारीक असेल तर हुकात सोबत येणारे प्लास्टिकचे तुकडे बसवावेच लागतात. पुष्कळजण ते खोक्यातच ठेवतात. मग बारीक खडीच्या पट्ट्यावर पिशवी खडखडते आणि आठवड्याभरात कॅरिअरचा रंग निघून खालची धातू दिसायला लागते. पेडल मारताना टाच लागत असेल तर स्क्रू सैल करून हुक पुढे सरकवा, म्हणजे पिशवी मागे जाते. खालचा आकडा कॅरिअरच्या उभ्या दांडीमागे अडकलाच पाहिजे, नाहीतर वळणावर पिशवी बाहेर झुलते.

जड सामान तळाशी, दोन्ही बाजूंना सारखं. हे कळतं बोडमान गावाच्या पुढे, बोडानरुक या डोंगराळ पट्ट्याच्या चढावर: मागे ओझं जास्त झालं की पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल भरकटतं. तो चढ नको असेल तर मेर्सबुर्गहून कोन्स्टान्झला जाणारी फेरीबोट घ्या. पाव तासात पलीकडे, पिशव्या काढायचीही गरज नाही.

पावसात आत थेंब गेला नाही, पण तोंड तीन-चार वेळा गुंडाळलेलं हवं, त्याआधी हवा दाबून काढलेली. काठावरच्या नारिंगी दिव्यांकडे लक्ष असू द्या. मिनिटाला 40 वेळा लुकलुकले तर जोराचा वारा, 90 वेळा म्हणजे वादळाचा इशारा. ते होड्यांसाठी आहेत, पण भरलेल्या पॅनिअरवर आडवा वारा शिडासारखा बसतो, तेव्हा थांबलेलं बरं.

उणिवा खऱ्या आहेत. बाहेर खिसा नाही, त्यामुळे फ्रँक आणि युरोची पाकिटं हँडलवरच्या छोट्या पिशवीत ठेवावी लागतात. कापडातून हवा खेळत नाही. पोहण्याचे ओले कपडे आत राहिले तर संध्याकाळपर्यंत कुबट वास येतो, ते वर जाळीत वाळत टाकावेत. स्टेशनच्या पायऱ्यांवर टेकवून टेकवून खालचे कोपरे घासले आहेत, भोक मात्र अजून नाही. हुकाचे स्क्रू दर महिन्याला आवळा आणि एखादा जास्तीचा स्क्रू जवळ ठेवा.