कंपास-पट्टी की गिरीहचे तुकडे?

इस्लामी नक्षीतला दहा टोकांचा तारा काढायचे दोन मार्ग. पहिला कंपास-पट्टीचा: वर्तुळाचे दहा समान भाग करा, बिंदू जोडा. सहा भाग सोपे, त्रिज्येएवढाच कंपास फिरवत गेलं की झालं. दहासाठी जास्त खटपट. एकटा तारा सुरेख येतो, पण भिंतभर तेच करताना केसाएवढी चूक साचत जाते.

दुसरा मार्ग गिरीहच्या तुकड्यांचा, म्हणजे नक्षीच्या रेषा आधीच आखलेल्या ठरावीक आकारांचा. दशकोन, पंचकोन, लांबट षटकोन, समभुज चौकोन आणि बो-टायसारखा आकार, असे पाचच. सगळ्यांच्या बाजू समान, कोन ३६ अंशांच्या पटीत. नक्षीची रेषा प्रत्येक बाजू मध्यावरच, ठरावीक कोनात ओलांडते. म्हणून तुकडे शेजारी ठेवले की नक्षी आपोआप जुळते. (पुढे तुकड्यांच्या कडा नाहीशा होतात, रेषा तेवढ्या उरतात. गंमत तीच!) इराणमधल्या इस्फहानच्या दर्ब-ए-इमाम या दर्ग्यावर, १४५३ साली, ही नक्षी मोठ्या आणि लहान अशा दोन मापांत एकात एक गुंफली आहे. ती पेनरोझच्या फरशांच्या, म्हणजे कितीही पसरली तरी ठरावीक अंतराने तीच ती न होणाऱ्या मांडणीच्या, किती जवळ जाते, हे पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये मांडलं.

सहा किंवा आठ टोकांचा तारा हवा असेल, तर मात्र मी कंपासच उचलेन. तिथे हे पाच तुकडे कामाचे नाहीत.