काळ्या मातीचं अंगण: टर्फ, शहाबादी की हरळी?

मृगाचे दोन पाऊस झाले की परभणी-लातूरकडच्या अंगणात चप्पल रुतते आणि उचलली तर तळाला शेरभर चिखल घेऊन वर येते. त्यात आता बॉक्स क्रिकेटची टर्फ, म्हणजे प्लास्टिकच्या गवताची मैदानं झाली आहेत. पाऊस थांबल्यावर थोड्या वेळात तिथं पोरं परत खेळायला उतरतात. ते बघून घरात विषय निघतो, ‘आपल्या अंगणातही हेच टाकून घेऊ.’

मैदानावर पाणी थांबत नाही ते हिरव्या गवतामुळे नव्हे, त्याच्या पोटातल्या खडीमुळे आणि ढाळामुळे. आपली काळी माती भिजली की फुगते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या पडलेल्या भेगा मिटतात आणि पाण्याची खाली जायची वाट बंद होते. टर्फच्या पाठीला छिद्रं असतात, पाणी त्यातून उतरतंही, पण उतरून त्या बंद मातीवरच बसतं. चिखल झाकला जातो, इतकंच. पाय टाकला की पचपच, आठवड्यानं कुबट वास.

म्हणून आधी पाणी मोजा. 500 चौरस फुटांच्या अंगणावर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे 1,160 लिटर पाणी होतं. शेजारच्या 1,000 चौरस फुटांच्या स्लॅबवर त्याच्या दुप्पट. स्लॅबचा पाइप अंगणातच सोडलेला असेल (बहुतेक घरी असतोच), तर तुमचा दोन तृतीयांश चिखल वरून येतो आहे. तो पाइप टाकीत न्या, किंवा गाळणीच्या खड्ड्यातून बोअरकडे. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते बघितलेल्या माणसानं छताचं पाणी नालीत सोडू नये. कित्येक घरांत एवढ्यावरच निम्मं काम होतं आणि टर्फचा विषय मागे पडतो.

तरीही पाणी साचत असेल तर फूटभर खोल खड्डा घेऊन संध्याकाळी पाण्यानं भरा, सकाळी पुन्हा भरा आणि मग बघत बसा. दुपारपर्यंत इंच-दोन इंचच उतरलं, तर ही माती पाणी पिणार नाही. अशा ठिकाणी शोषखड्डाही काळ्या मातीतच संपवला तर तो नुसता हौद होतो. खालचा मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं.

आता खरा खर्च. वर काहीही टाका, खालचं काम जवळपास सारखंच आहे. आठ-नऊ इंच माती काढायची, जोत्यापासून बाहेरच्या बाजूला ढाळ काढायचा. शंभर फुटांना किमान एक फूट, म्हणजे वीस फुटांच्या अंगणात अडीच इंच. मातीवर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, पण माती खडीत मिसळू न देणारं) कापड, त्यावर सहा इंच खडी, खालच्या कडेला छिद्रांचा चार इंची पाइप. 500 चौरस फुटांना ही खडी अडीच ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) होते. धुम्मस करून, म्हणजे ठोकून दाबल्यावर ती बसते, म्हणून तीन धरा. गवंडी ‘मुरूमच टाकू, स्वस्त पडतो’ म्हणेल. मातकट मुरूम दाबला की तोही पाणी अडवतो, त्याला नाही म्हणा. जोत्याला लागून खोल खोदू नका आणि तिथं पाणी मुरूही देऊ नका. फुगणारी माती भिंतीला तडे देते.

एवढं झालं की वर काय, हा आवडीचा प्रश्न उरतो. टर्फला माझा मुख्य आक्षेप उन्हाचा आहे. सावलीत 42 अंश असताना उन्हातलं प्लास्टिकचं गवत 60च्या पुढे जातं, अनवाणी पाय ठेववत नाही. पाणी मारलं तर थोडा वेळ गार, आणि एप्रिलात पाणी मारायचं कुठून? वावटळीची धूळ पात्यांच्या बुडाशी बसते, छिद्रं बुजतात, लव्हाळा तर कापड फोडूनही वर येतो. आठ-दहा वर्षांनी पाती झडली की तो गालिचा टाकायचा कुठं, हेही विचारून ठेवा. दिवसभर घराची सावली राहणारा लहान तुकडा असेल, लहान मूल रांगत असेल, तर मात्र टर्फ चांगली.

शहाबादीही तापते, पण संध्याकाळी सडा मारता येतो, रांगोळी काढता येते, उन्हाळ्यात कुरडया-पापडांचं वाळवण होतं. सांध्यात सिमेंट न भरता बारीक कच भरली तर पाणी खालच्या खडीत उतरतं, आणि माती फुगून एखादी फरशी उचललीच तर तेवढीच काढून पुन्हा बसवता येते. श्रावणात शेवाळ धरतं, तेवढं घासावं लागतं.

हरळी सगळ्यांत गार आणि स्वस्त. खडीवर कापड आणि त्यावर वाळू मिसळलेली चार-पाच इंच माती हवी. मे महिन्यात ती वाळून पिवळी पडते, पहिल्या पावसात परत हिरवी होते. लोकांना ती पिवळी का सोसवत नाही, कळत नाही. रोजच्या वाटेवर मात्र ती टिकत नाही. मी स्वतः दारापासून फाटकापर्यंत शहाबादी आणि बाकी अंगणात हरळी करेन.

टर्फच ठरली असेल तर कोटेशनमध्ये खोदाई-खडी-पाइप आणि गवत यांचे दर वेगळे लिहून मागा. पहिला आकडा नगण्य असेल तर तो माणूस काळ्या मातीवर नुसता गालिचा अंथरणार आहे. पाया उन्हाळ्यात करून घ्या, एक पावसाळा त्याच्यावरून जाऊ द्या, बसेल तिथं भर घाला. आणि वरचं गवत दिवाळीनंतर टाका. फुलबाजीची एक ठिणगी पडली तरी त्याला भोक पडतं.