कॅरिफ्रॅन वाइल्डवुड, स्कॉटलंड: जाणाऱ्यांसाठी

दक्षिण स्कॉटलंडमध्ये मोफॅटहून सेलकर्ककडे जाणाऱ्या ए७०८ रस्त्याला लागून एक छोटा वाहनतळ आहे. तिथे उतरून नजर वर टाका. आजूबाजूचे उतार मेंढ्यांनी चरून चरून नुसत्या गवताचे उरलेत आणि त्यांच्यामध्ये कॅरिफ्रॅनची दरी झाडांनी भरलेली आहे. फरक इतका ढळढळीत दिसतो की मला तरी तिथे जायला तेवढंच कारण पुरे वाटलं.

ही दरीसुद्धा तशीच उघडी होती. काही स्थानिक लोकांनी ठरवलं, शेकडो जणांनी पैसे दिले, सुमारे ६५० हेक्टर जमीन बॉर्डर्स फॉरेस्ट ट्रस्ट या संस्थेने घेतली आणि १ जानेवारी २००० रोजी पहिली रोपं लागली. आजवर पाच लाखांहून अधिक झाडं लावली गेली आहेत. कुठली लावायची, हे कुणाच्या आवडीवर सोडलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. दरीच्या माथ्यावरच्या रॉटन बॉटम या दलदलीत १९९० साली एका डोंगरभटक्याला यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचं धनुष्य सापडलं. तिथल्याच पीटच्या, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, थरांमध्ये जुने परागकण टिकून होते. ते तपासून इथे पूर्वी काय काय वाढत होतं ते कळलं आणि लागवडीची यादी त्यावर बेतली. बियाही शक्यतो जवळपासच्या उरल्यासुरल्या रानांतून गोळा केल्या.

चालताना हा विचार जागोजागी जाणवतो. ओढ्याकाठी विलो, खालच्या उतारावर ओक आणि हेझेल, बर्च आणि रोवन तर सगळीकडे. वर, जिथपर्यंत झाडं वाढू शकतात ती उंची संपत येते तिथे ज्युनिपर आणि लवदार पानांचा बुटका विलो. ब्रिटनमध्ये डोंगरमाथ्यालगतची ही झुडपी पट्टी चराईमुळे जवळपास नाहीशी झाली आहे, म्हणून माझ्या लेखी इथला सगळ्यात मोलाचा भाग हाच. पण तिथवर चढ खडा आहे, पायवाट अशी नाहीच. दगड, ओलं गवत, मध्येच पाय रुतेल अशी जागा.

आई सोबत होती, हातात काठी. ती खालच्या वाटेवर थोडं चालली आणि बर्चच्या झाडीत एका दगडावर बसली. विलो वॉर्बलर हा छोटा पक्षी गात होता. ‘मी इथेच बसते, तुम्ही जाऊन या,’ म्हणाली, आणि परत आलो तेव्हाही उठायला तयार नव्हती. वयस्कर माणसांना घेऊन जायला हरकत नाही, फक्त वरचा बेत धरू नका.

घनदाट, अंधारं जंगल पाहायचं असेल तर इथे येऊ नका. झाडं पंचविशीची आहेत, ऊन खालपर्यंत पोचतं. उघड्या गवतावर राहणारे चंडोलासारखे पक्षी झाडी वाढली तसे इथून कमी झाले, तेही मान्य करायला हवं. ब्रिटनभर पसरलेल्या बुरशीच्या रोगाने ॲशची झाडंही इथे धोक्यात आहेत.

सोयी म्हणाल तर चहाची टपरी नाही, शौचालय नाही. ते सगळं मोफॅटला उरकून यावं. मला हे असंच आवडलं. दरीत हॉटेल आणि दुकान आलं असतं तर त्यासाठी रस्ता रुंद झाला असता, आणि वाहनतळ ओढ्यापर्यंत गेला असता. तिकीट नाही. पाऊस कधीही येतो, तेव्हा जलरोधक बूट हवेतच. उन्हाळ्यात, वारा पडला की मिज नावाचे बारीक माशीसारखे किडे जीव खातात. नेच्यांतून चाललात तर परतल्यावर पायांवर गोचीड चिकटली आहे का ते नीट पाहा. शरद ऋतूत गेलात तर रोवन लाल फळांनी लगडलेला असतो, आणि मिजही कमी असतात.