चिकटवलेल्या टॅबचे 940 डॉलर

बेसबॉलपटू विली मेजचं 1952 चं रेड मॅन कार्ड, टॅबसकट (टॅब म्हणजे कार्डाखालची कापून घ्यायची पट्टी): 940 डॉलर. ग्रेडिंगची, म्हणजे कार्ड अस्सल आहे का तपासून त्याला दर्जा देण्याची, फी आणि विम्याचं पोस्ट धरून 1,012. आणि ग्रेडिंगवाल्यांनी ते परत पाठवलं, 'फेरफार केलेलं' असा शेरा मारून. टॅब दुसऱ्याच कुठल्या तरी कार्डाचा आहे, खाली चिकटवलेला.

न्यू जर्सीत राहून मुलाच्या नादाने बेसबॉल कार्डं जमवायच्या छंदात पडलेले आपले बरेच लोक आहेत, म्हणून लिहितोय. रेड मॅन ही चघळायची तंबाखू. 1952 ते 1955 या वर्षांत तिच्यासोबत कार्डं यायची, खाली एक पट्टी असायची. तशा 50 पट्ट्या कापून पाठवल्या की बेसबॉलची टोपी मिळे. लोकांनी सर्रास कात्री चालवली, त्यामुळे आज पट्टी शाबूत असलेल्या कार्डाला बिनपट्टीच्या दुप्पट-तिप्पट भाव. टॅबसकट उंची साधारण 4 इंच, टॅब गेला की 3 पूर्णांक 5/8. फरक बोटाच्या पेराएवढाही नाही, आणि सगळा धंदा तेवढ्यावर चालतो.

प्रदर्शनात ते कार्ड घेतानाचा क्षण आठवला की अजून डोकं फिरतं. टॅबचा कागद वरच्या कार्डापेक्षा किंचित पांढरा दिसत होता. मला दिसला होता! विचारलंही. विक्रेता म्हणाला, "अल्बममध्ये तेवढा भाग झाकलेला होता, ऊन लागलं नाही." अहो, अल्बमच्या खिशात कार्डाचा खालचाच भाग कसा झाकला जाईल? पण मागे दोघं रांगेत उभे, त्यातल्या एकाच्या हातात नोटा मोजलेल्या. प्लॅस्टिकच्या कडक कव्हरातून काढू म्हटलं तर "कोपरे घासतील." कव्हरातून काढू देत नसेल तर तिथून निघा. भिंग सांध्यावर धरा, छपाईचे ठिपके रेषेपलीकडे जुळतात का बघा. कार्ड तिरपं करून उजेडात धरा, जोड उंचवटा दाखवतो.

आणि मला अडाणी म्हणायच्या आधी हे ऐका. जुना बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं सगळ्यात प्रसिद्ध टी206 कार्ड (टी206 म्हणजे सिगारेटच्या पाकिटांतून येणारा जुना संच) 2007 साली 28 लाख डॉलरला विकलं गेलं, उत्तम ग्रेडसह. त्याच्या कडा आपण कापल्याचं लिलाववाला बिल मॅस्ट्रो याने 2013 साली कोर्टात कबूल केलं. तिथे तज्ज्ञ फसले, मी तर शनिवारच्या गर्दीत उभा होतो.

पुढचा तमाशा. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. (फोनवरून बँकेतून बँकेत पैसे पाठवू नका, क्रेडिट कार्ड घेत नसेल तर का घेत नाही ते विचारा.) ग्राहक खात्याने फॉर्म भरून घेतला, तक्रार क्रमांक दिला, मग त्या क्रमांकावर फोन केला तर "तपशील पोर्टलवर पाहा." पोर्टलवर काय? तक्रार क्रमांक! छोट्या दाव्यांच्या कोर्टात जायचं तर प्रतिवादीचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे पावती म्हणून आहे एक कागदाचा चिटोरा, त्यावर 'मेज 52' आणि रक्कम. 'टॅब मूळचा' हे दोन शब्द लिहून घ्या, सहीसकट. लिहायला नकार दिला तर उत्तर मिळालंच.

विक्रेत्याने कार्ड परत घेऊन 300 डॉलर देऊ केले. म्हणजे टॅब पुन्हा वापरता येईल.

प्रदर्शनाच्या आयोजकांनाही लिहिलं. ते फक्त टेबलं भाड्याने देतात म्हणे. झालेल्या मनस्तापाबद्दल पुढच्या वेळी माझं 10 डॉलरचं प्रवेश तिकीट माफ.