घडीव सांगून ओतीव बसवलं: माझ्या टर्बो एस्टीमची गोष्ट

उद्यमबागेतल्या टर्नरमामांनी तुटलेला पिस्टन चिंधीनं पुसला, उलटा केला आणि आतल्या बाजूनं अंगठा फिरवला. "हे ओतलेलं हाय की रे. घडीव कोण म्हटलं तुला?" ओतीव म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतलेलं, घडीव म्हणजे ठोकून-दाबून घडवलेलं. चाळीस वर्षं फौंड्री आणि लेथच्या मधोमध काढलेला माणूस. त्यांना गेज लावायचीही गरज पडली नाही. ओतताना साच्याच्या जोडाची राहिलेली रेघ आतल्या बाजूला स्पष्ट दिसत होती. मी ती त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, कारण इंजिन बंद होण्याआधी मी ते पिस्टन कधी हातात घेतलेच नव्हते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या गाड्या बांधणारी बरीच पोरं आहेत. तुमच्यापैकी कुणी इंजिन बाहेर बांधायला देणार असाल, तर हे आधी वाचा.

गाडी २००४ ची मारुती एस्टीम. १२९८ सीसी, मूळची ८५ अश्वशक्ती. हिला टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारी फिरकी) लावायचा आणि बंद ट्रॅकवर पळवायची, हे माझं कॉलेजपासूनचं वेड. शेडमध्ये अडीच वर्षं रविवार घातले. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मी स्वतः वेल्ड करून घेतला, इंटरकूलरची (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीची) पायपिंग स्वतः केली. टर्बो घेताना तर फारच सावध होतो. डिझेल गाडीचा टर्बो स्वस्तात मिळत होता, तो घेतला नाही. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा बराच गरम असतो आणि डिझेलचं टर्बाइन त्यासाठी केलेलं नसतं. पेट्रोल गाडीतून निघालेला जुना घेतला, शाफ्ट बोटानं हलवून प्ले, म्हणजे सैलपणा, पाहिला, फिरकीची पाती टॉर्च लावून एकेक तपासली. टर्बोत मला कुणी फसवू शकलं नाही. फसलो ते जिथं डोळ्यांनी पाहायचं सोडून माणसावर भरवसा टाकला तिथं.

तो माणूस म्हणजे इंजिन बांधून देणारा गॅरेजवाला, सीमेपलीकडचा, कोल्हापूरच्या बाजूचा. नाव-गाव लिहीत नाही. पहिल्याच फोनवर म्हणाला, "बेळगावचा काय? मग आपलाच की." आम्हा सीमाभागातल्या लोकांना हा शब्द फार आत लागतो, आणि ते त्याला माहीत होतं. पुढचे चार महिने तो मला "भावा" म्हणत होता. घरच्यांची चौकशी करायचा, वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं विचारायचा. अशा माणसाकडं पक्कं बिल मागायला मला संकोच वाटला. ठरलेला आकडा १,३२,०००: घडीव पिस्टन, घडीव कनेक्टिंग रॉड, बोअरिंग (सिलिंडरचं भोक कापून मोठं करणं), होनिंग (त्याची भिंत घासून नीट करणं) आणि इंजिन बांधायची मजुरी. त्यातले ९०,००० रोख दिले, बाकी यूपीआयनं. बिलाच्या नावाखाली मिळाला वहीचा एक कागद, त्यावर "इंजिन काम" एवढंच.

पिस्टनचा फोटो मात्र आला होता. निळ्या चौकड्यांच्या टेबलक्लॉथवर चार चकचकीत पिस्टन, शेजारी डबा. मी तो फोटो किती जणांना दाखवला असेन!

आता घडीव कशाला, हे नवख्यांसाठी सांगतो. टर्बो हवा दाबून भरतो. या जादा दाबाला बूस्ट म्हणतात; बूस्ट ०.७ बार म्हणजे सिलिंडरमध्ये पुष्कळ जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त दाब आणि उष्णता. तिथं ठिणगीची ज्योत पोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपोआप पेटू शकतं. त्याला आपण नॉकिंग म्हणतो. त्याचा घाव थेट पिस्टनवर बसतो. कंपनीच्या ओतीव पिस्टनमध्ये सिलिकॉन भरपूर असतं, ते झिजेला चांगलं, पण घाव बसला की रिंगांमधली कड काचेसारखी तुटते. घडीव धातू असा घाव जास्त सोसतो. शिवाय टर्बोसाठीच्या पिस्टनचा माथा खोलगट असतो, त्यानं कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, उतरतं. आमचं ठरलं होतं साडेआठला एक. कंपनीचं साडेनऊच्या आसपास असतं. हा एका आकड्याचा फरक लहान दिसतो, पण ट्यूनिंग करणारा ठिणगीचं टायमिंग त्यावरच बसवतो.

म्हणजे खोटं फक्त पैशांचं नव्हतं. ट्यूनरनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवून साडेआठच्या इंजिनाला साजेसं टायमिंग दिलं, आणि खाली होतं मूळचंच जास्त कम्प्रेशनचं इंजिन. पुण्यात डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर) पहिल्या दोन फेऱ्या कमी बूस्टवर बऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीला ०.७ वर त्यानं हेडफोनमध्ये नॉकिंग ऐकलं आणि पाय काढला, तोवर ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, निळा धूर यायला लागला होता. तीन नंबरच्या पिस्टनची कड गेली होती आणि सिलिंडरच्या भिंतीला नखात अडकेल एवढा ओरखडा.

परत येताना गाडी टोइंगच्या ट्रकवर होती. मध्यरात्री कोल्हापूरच्या बाहेरून जाताना त्याच्या गॅरेजकडं वळायचा रस्ता दिसला. तेव्हाही मी त्याला दोष देत नव्हतो. माझ्याच पायपिंगमध्ये काही चुकलं असेल, सकाळी त्याला फोन करून विचारू, असं म्हणत होतो.

खुणा होत्या. घडीव पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतात, म्हणून ते बसवताना भिंतीपासून जास्त फट ठेवतात आणि थंड इंजिन सकाळी जरा टकटकतं. माझं पहिल्या दिवसापासून गप्प होतं आणि मी ते कौतुकानं सांगत फिरलो. कम्प्रेशन गेजचा आकडा भरपूर आला, मी खूश झालो. कम्प्रेशन उतरवलेल्या इंजिनाचा आकडा कमी यायला हवा, हे डोक्यात आलं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तो फोटो. मोठा करून पाहिला तर डब्यावर ७४.५ लिहिलंय. मामांनी बोअर मोजला, तो ७४ मिलिमीटर, कंपनीचाच. बोअरिंग झालंच नव्हतं. ते पिस्टन माझ्या ब्लॉकमध्ये जाऊच शकले नसते. कनेक्टिंग रॉडही मूळचेच निघाले.

फोन केला तर "भावा" बंद झालं. "केस कर जा. बेकायदेशीर गाडी आहे, तुझीच जप्त होईल." ही धमकी नीट समजून घ्या, कारण याच भीतीवर हे लोक जगतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करताच येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे खरंच आहे. टर्बो लावल्यापासून माझी गाडी रस्त्यावर आली नाही, ट्रकवरूनच गेली, ते याचसाठी. पण एक वस्तू सांगून दुसरी विकणं हा वेगळा विषय आहे, असं वकिलांनी सांगितलं तेव्हा कुठं मला झोप लागली.

दुसरी भीती राज्याची होती. दुकान महाराष्ट्रात, मी कर्नाटकात, हेलपाटे कोण घालणार? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. मी बेळगावात तक्रार दाखल केली आहे. नोटीस गेल्यावर त्यानं २५,००० परत पाठवले, पुढं शब्द नाही. रोख दिलेल्या ९०,००० चा पुरावा माझ्याकडं तो वहीचा कागद आणि चॅट एवढाच आहे. वकील म्हणतात, चॅटमध्ये त्यानं रक्कम कबूल केली आहे, ती उपयोगी पडेल.

नवे पिस्टन आता पक्क्या बिलानं आले आहेत. शहापुरातल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर चारही तोलले. मामा माझ्यासमोर बोअर मोजतात, आकडा खडूनं ब्लॉकवर लिहितात, आणि मी फोटो काढल्याशिवाय पुढच्या सिलिंडरला हात लावत नाहीत. इंजिन माझ्याच शेडमध्ये बांधायचं ठरलं आहे.

आणि हो, तो फोटो त्यानं आणखी एकाला, निपाणीच्या पोराला, पाठवल्याचं मला कळलं आहे. निळ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ, चार पिस्टन, डब्यावर ७४.५. तुमच्याकडं आला तर पैसे पाठवू नका. आधी मला कळवा.