देशी रोपांच्या नावाखाली ९,७२९ रुपये गेले, त्या जाहिरातीपासून लांब राहा

'सह्याद्रीतली अस्सल देशी रोपं घरपोच' अशी जाहिरात तुम्हालाही दिसत असेल, जांभळ्या फुलांचा व्हिडिओ, मागे बासरी. आधीच सांगते, पैसे टाकू नका. बाकीचं नंतर वाचा.

आमच्या घरामागे छोटं अंगण आहे, तिथे विदेशी शोभेची झाडं न लावता आपल्या मातीतलीच लावायची असं मनात होतं, फुलपाखरं येतात, पक्षी येतात, एकदा रुजली की पाणीही कमी लागतं. पण जवळच्या नर्सरीत विचारलं की बोगनवेल नाहीतर अरेका पाम पुढे करतात. म्हणून ऑनलाइन शोधलं, यात माझं काय चुकलं? सीता अशोक, ताम्हण, बकुळ, कुडा, मुरुडशेंग, कारवी असा बारा रोपांचा कॉम्बो, ३,४८० रुपये. समोरचा इतका गोड बोलायचा, "ताई, तुमच्यासारखी निसर्गप्रेमी माणसं हल्ली राहिलीत कुठे."

पैसे गेल्यावर दुसरा फोन, वनखात्याचा वाहतूक पास लागेल, १,२५० रुपये, रिफंडेबल. आणि हे पैसे त्याच्याच पर्सनल युपीआयवर! सरकारी फी कधी कोणाच्या खासगी नंबरवर जाते का हो? पण मे संपत आलेला, पावसाच्या आत रोपं जमिनीत जायला हवी होती, भरले मी.

आता खरी चीड आणणारी गोष्ट. त्या व्हिडिओत वीतभर कुंडीत कारवी फुललेली होती. भर मे महिन्यात! मी २०१६ ला बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कारवी फुललेली डोळ्यांनी बघितलीय, माणसाच्या डोक्यावर जाणारी झुडपं, सात-आठ वर्षांतून एकदा पावसाळ्याच्या शेवटी फुलतात, बी धरलं की मरतात. हे मला पाठ आहे आणि तरी मी तो व्हिडिओ बघून नुसतं "किती छान" म्हटलं. बरं, विचारलं नाही असंही नाही, विचारलं! तर म्हणाला, "ताई ही ग्राफ्टेड व्हरायटी, दरवर्षी फुलते." ग्राफ्टेड कारवी! ते वाक्य आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. पण तो इतक्या ठामपणे बोलला की मला वाटलं नवीन काहीतरी निघालं असेल, हल्ली काय काय निघतं.

पार्सल आलं. कारवी म्हणजे रुएलिया, मेक्सिकोकडची, रस्त्याच्या डिव्हायडरमध्ये लावतात ती. सीता अशोक म्हणजे सोसायटीच्या गेटला रांगेत उभा असतो तो खोटा अशोक. साधी ओळख लक्षात ठेवा, खऱ्याच्या एका देठावर पानांच्या जोड्या असतात आणि कोवळी पालवी तांबूस, लोंबती. खोट्याचं पान एकेकटं, लांब, नागमोडी कडांचं. ताम्हण, म्हणजे आपलं राज्यपुष्प, त्याच्या जागी त्याच जातकुळीतलं बुटकं शोभेचं झुडूप, लॅगरस्ट्रोमिया. बकुळ बहुतेक खरी होती, तीही वाळली.

तक्रार केली तर लगेच "सॉरी ताई, फुल रिफंड देतो", क्यूआर कोड पाठवला, दोन मिनिटांत एक्सपायर होईल म्हणाला. गॅसवर दूध, कानाला फोन, पिन टाकला आणि ४,९९९ गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे मीच सासूबाईंना दहा वेळा सांगितलेलं.

पोलीस स्टेशनला गेले तर हवालदार हसले. "बाई, झाडं मागवली, झाडं आली, मग फसवणूक कसली?" तिथून सायबरला पाठवलं, तिथे म्हणे रक्कम छोटी आहे, आमच्याकडे लाखांच्या केसेस पडल्यात. म्हणजे लाख जाईपर्यंत थांबायचं का आम्ही? बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. एका साहेबांनी तर रोप चुकीचं असल्याचं सर्टिफिकेट आणा सांगितलं, ओळखीच्या बॉटनीच्या प्राध्यापकांकडून चिठ्ठी लिहून आणली तर ती वाचलीसुद्धा नाही, कोऱ्या बाजूवर माझा मोबाइल नंबर लिहून घेतला. तो नंबर अर्जावर होताच! सायबर तक्रारीच्या पोर्टलवर माझा अर्ज अजून 'प्रक्रियेत'. यांच्या प्रक्रियेत खोटा अशोक दुसऱ्या मजल्यापर्यंत जाईल.

पैसे गेले की त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, स्टेशनला जाऊन बाकावर बसण्यात वेळ घालवू नका, पहिल्या काही तासांतच रक्कम अडवता येते. मी आधी त्या माणसालाच फोन करत बसले, तो "सर्व्हर डाऊन आहे ताई" म्हणत राहिला.

रोपं हवी असतील तर वनखात्याच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत स्वतः जा, पान हातात धरून बघा, मग पैसे द्या. मला कोणी आधी सांगितलं नाही. आणि कोणाकडे ही 'कारवी' आली असेल तर जमिनीत लावू नका, तिच्या शेंगा भिजल्या की तडकून बिया लांब उडतात, आमच्या शेजारच्यांच्या वाफ्यात उगवायला लागलीय आणि बोलणी मी खातेय.

पार्सलचं खोकं, त्यावरचा पत्ता, रोपांची लेबलं काहीही टाकू नका. मी खोकं रद्दीत दिलं आणि साहेबांनी पहिलं तेच मागितलं.